मागे पसरलेला हात

माझ्या युक्तिवादावर पाणी शिंपडलं गेलं, तेव्हा मी तिथेच पायरीवर बसलो होतो.

लोणावळ्यातला बंगला. मे महिना. पुण्या-मुंबईची बडी माणसं थंड हवेला आलेली. मी मात्र काळा कोट घालून घामाघूम, कारण वकिलानं वकिलाकडे जाताना कोट घालावा असा माझा समज होता. नानासाहेब वकील आत होते. त्यांच्यासाठी रात्रंदिवस खपून लिहिलेली टिपणं माझ्या हातात होती. आचारी बाहेर आला. त्यानं हनुवटीनं कठड्याकडे खूण केली. मी कागद कठड्यावर ठेवले. तो आत गेला, पंचपात्री घेऊन आला, आणि बोटांनी त्या कागदांवर पाणी शिंपडलं. एकदा. मग उलटून पुन्हा. मग चिमटीत धरून आत नेले.

शाई पसरली. माझं इंग्रजी आधीच कच्चं, आता ओलंही झालं.

आतून नानासाहेबांचा आवाज आला. गोड आवाज. "अरे, वर नको येऊस हं. मला स्वतःला हे काही पटत नाही. पण आई आहे घरात."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, काही हरकत नाही साहेब. तेही इंग्रजीत म्हणालो. आणि हसलो.

मग खिडकीतून ऐकू येऊ लागलं. आत पाहुणे होते. त्यांत बोलपट काढणारे एक शेठ होते, त्यांच्या कंपनीचे सगळे दावे नानासाहेबच चालवत. नानासाहेब त्यांना समजावून सांगत होते की गाणं कागदावर उतरवून घेणारा माणूस त्या गाण्याचा कर्ता होत नाही, कर्ता तो ज्याच्या तोंडून ते पहिल्यांदा निघालं. कारकुनानं मृत्युपत्र लिहिलं म्हणून इस्टेट कारकुनाची होते का? हा दाखला माझा होता. पान तिसरं, अजून ओलं. शेठजी खूश होऊन म्हणाले, "वा! हे फक्त तुम्हालाच सुचणार."

नानासाहेब म्हणाले, "छे, छे." इतकं सुंदर छे-छे मी आयुष्यात ऐकलं नाही.

खरं तर राग यायला हवा होता. राग आला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी जरा बरा माणूस ठरलो असतो. पण मला राग आला नाही. मला हेवा वाटला. तो आवाज, ती वेताची खुर्ची, ते छे-छे. सगळं मला हवं होतं. त्यांच्या कुत्र्याचासुद्धा हेवा करायला मी तयार होतो, पण ते बिचारं माझ्याच शेजारी ओट्याखाली बांधलेलं होतं. त्या बाबतीत आम्ही बरोबरीचे.

आमचं घर गावाबाहेर, रेल्वेच्या रुळांपलीकडे. विजेची इंजिनं यायच्या आधी घाट चढताना गाडीला मागून एक इंजिन लावत. बँकर म्हणत त्याला. आबा, म्हणजे माझे वडील, त्या बँकरवर कोळसा मारायला होते. कर्जतहून गाडी ढकलत वर आणायची आणि लोणावळ्यात सुटं व्हायचं. मी वकील झालो तेव्हा आबांनी एवढंच सांगितलं, "म्होरलं इंजिन हो. मागनं ढकलणाऱ्याला ठेसनात कुणी हार घालत न्हाई." आणि मी काय केलं? जन्मभर जे नको म्हणून आबांनी हात भाजून घेतले, तेच काम मी कोट घालून पत्करलं.

कोटाचंही सांगतो. पुण्याच्या जुन्या बाजारात घेतला. दुकानदार म्हणाला, एका मोठ्या वकिलाचा आहे, वारले. घरी येऊन अस्तर पाहिलं तर आत बँडकंपनीचा शिक्का. मुळात लाल असलेला कोट काळा रंगवलेला. घाम आला की मानेशी रंग सुटे आणि माझी कॉलर तांबूस होई. वडगावच्या कोर्टात मी वाद घालायला उठलो की जुने वकील एकमेकांना कोपरानं ढोसत. मला वाटे, माझ्या इंग्रजीचा वचक बसतोय.

वडगावला माझ्याकडे येणारी कामं म्हणजे कोंडवाड्यात गेलेली म्हैस, बांधावरची मारामारी, आणि ज्यांना दुसरा वकील उभं करून घेत नाही अशी माणसं. बाररूममध्ये मला खुर्ची नव्हती. खिडकीचा कट्टा होता. तिथून कोर्टाचं आवार छान दिसतं असं मी सगळ्यांना सांगे.

अशात एक दिवस ठकूमावशी आली.

कुरवंड्याच्या वरच्या अंगाला तिची वाडी. तरणेपणी ती भावाच्या फडात गायची, मावळातल्या जत्रांतून तिला माणसं नावानं ओळखत. भाऊ गेला, फड मोडला, तशी ती लोणावळ्याच्या बाजारात लाकडाच्या मोळ्या विकू लागली. त्यावरच तिनं एक गाणं रचलं होतं. डोक्यावर मोळी घेऊन नागफणीच्या कड्याची उतरण उतरणारी बाई, तिचा मुंबईला गेलेला आणि न परतलेला नवरा, आणि बंगल्याच्या दारात लाकूड ओलं आहे म्हणून घासाघीस करणारा खानसामा. तिच्या वाडीचं नाव त्यात होतं. बाजारपेठेतल्या विहिरीचं नाव होतं.

ती स्टेशनाजवळच्या चहाच्या दुकानापुढून चालली होती आणि आतल्या फोनोवर तेच गाणं लागलं. चाल तीच. पण मोळीची घागर झालेली. नागफणीची मथुरा झालेली. खानसाम्याचा कृष्ण झालेला. ती डोक्यावरच्या मोळीसकट शेवटपर्यंत उभी राहिली. मग दुकानदाराला विचारलं, हे कुणाचं? त्यानं तबकडीवरचं नाव वाचून दाखवलं. पुण्याच्या एका नाटक मंडळीच्या कवीचं नाव.

"भाऊ," ती मला म्हणाली, "त्यांनी गायलं तं गाऊ दे. गाण्याला काय कुलूप लावायचं व्हय? पन तितं माजं नाव पायजे. त्या गोल ताटलीवर. एवढंच कर."

मला आनंदानं वेड लागायचं बाकी राहिलं. गाण्याच्या हक्काचा दावा! असे दावे मुंबईत होतात, पुण्यात होतात, नानासाहेबांसारखे लोक चालवतात. नाटक मंडळ्या, बायस्कोपवाले, तबकड्यांच्या कंपन्या त्यांच्या दारात उभ्या असतात. वर्तमानपत्रात त्यांची नावं येतात. मी ती कात्रणं कापून ठेवत असे. प्रेमानं नव्हे. जिभेनं दुखरा दात चाचपतात तसं.

मी कायद्याचं पुस्तक उसनं आणलं, झपाटून दावा लिहिला, आणि ऐटीत वडगावच्या कोर्टात दाखल केला. न्यायाधीश भले गृहस्थ होते. त्यांनी दावा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग सांगितलं की या कायद्याखालचे दावे जिल्हा कोर्टातच लागतात, तालुक्याला नाही, आणि ते त्याच कायद्यात, त्याच पुस्तकात लिहिलं आहे. कलमाचा आकडाही सांगितला. मी ते पान वाचलं नव्हतं. मला दाव्याचा मजकूर लिहायची घाई झाली होती.

दावा परत मिळाला. बाहेर बाररूमचा कारकून सुपारी कातरत होता. म्हणाला, "वकीलसाहेब, ह्या कोर्टात म्हशींची शिंगं मोजतात. गाणी न्हाई मोजत." आठवडाभर मला बघून लोक हंबरत होते.

पुण्याला जायचं म्हणजे नानासाहेबांच्या आखाड्यात जायचं. माझी छाती झाली नाही. मी त्यांच्याकडेच गेलो. आणि नवल म्हणजे त्यांनी होकार दिला, तोही फीवाचून. मला वाटलं, माझा मुद्दा आवडला. तो आवडला होताच. पण पुढे कळलं की त्या नाटक मंडळीचं आणि त्यांच्या शेठजींचं जुनं वाकडं होतं. शेठजींना त्याच गाण्यावर बोलपट काढायचा होता.

ठरलं असं. वकीलपत्रावर दोघांची नावं. बोलणार नानासाहेब. बसणार मी, मागे. टिपणंही मीच लिहायची; त्या मे महिन्यात बंगल्यावर पाणी शिंपडलं गेलं ती हीच.

मोठ्या वकिलांची एक रीत असते. ती तोपर्यंत मी लांबून पाहिली होती. मोठा वकील पुढच्या बाकावर उभा राहून बोलतो. त्याला कागद हवा असला की तो मागे वळत नाही. न बघता उजवा हात मागे पसरतो. मागच्या बाकावरच्या ज्युनियरनं नेमका तो कागद, नेमका त्या क्षणी, त्या हातात ठेवायचा. हात पसरण्याआधीच कागद तयार असावा. चुकला तर हात तसाच राहतो आणि बोटं एकदा हलतात. त्या हलण्यात सगळं येतं.

मी त्या कामात पटाईत झालो. दोन-तीन तारखांतच मला त्यांच्या खांद्यावरून कळू लागलं की आता कोणतं पान लागणार. ते माझी वाक्यं बोलत. माझे दाखले देत. जज्जसाहेब मान हलवत. एकदा नानासाहेब एका मुद्द्यावर साफ चुकले, तर जज्जसाहेब म्हणाले की बहुधा आपलीच ऐकण्यात गफलत झाली असावी. माणसाला चुकायचीसुद्धा अशी सोय असावी! मला त्यांच्या हुशारीचा तितका हेवा नव्हता. त्यांच्या चुकांचा होता.

बोलण्याआधी ते हळूच खोकत. दोन छोटे, एक लांब. तो खोकला मी उचलला. नागफणीकडे जाऊन कातळांपुढे सराव केला. मग वडगावला एका बांधाच्या भांडणात उठलो आणि खोकलो. दोन छोटे, एक लांब. न्यायाधीशांनी काळजीनं माझ्याकडे पाहिलं आणि प्रकृती सुधारेपर्यंत म्हणून पुढची तारीख दिली. माझा अशील पहाटे चालत आला होता. परतीच्या वाटेवर तो मला म्हणाला, "साहेब, पुढल्या टायमाला काढा पिऊन या."

असे दिवस. हसण्यावारी नेण्यासारखे. मी ते हसण्यावारी नेत होतो, कारण माझी नजर एका खुर्चीवर होती. नानासाहेबांच्या शेजारची, पुढच्या बाकावरची. तिथे त्यांचा पुतण्या बसे. त्याला कायद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो कोऱ्या कागदावर बदकं काढायचा. चांगली काढायचा, हेही कबूल करायला हवं. मला त्या बदकांचाही हेवा होता.

पुराव्याची तारीख लागली त्याच्या आदल्या दिवशी नानासाहेबांनी मला पुण्याच्या कचेरीत बोलावलं. तडजोड झाली आहे, म्हणाले. नाटक मंडळी गाणं सोडून देणार. गाण्याचे हक्क शेठजींच्या बोलपट कंपनीकडे जाणार. बाईला लुगडंचोळी आणि थोडं काही. मी विचारलं, नाव?

"कुणाचं?"

ठकूबाईचं, म्हणालो. तबकडीवर.

ते हसले. वाईट हसले असं म्हणणार नाही. लहान मुलानं चंद्र मागितला की बाप हसतो, तसं. शेठजींच्या पडद्यावर मोळीवालीचं नाव कसं येईल, ते म्हणाले, त्यांनी आपला कवी नेमला आहे. मग त्यांनी मला तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं दोन्ही पक्षांचं निवेदन, लिहायला सांगितली. उद्या सकाळी बाईचा अंगठा घे आणि तयार ठेव. आणि मग, जणू सहज आठवलं म्हणून: "पुढच्या खटल्यापासून तू माझ्या शेजारी बसत जा. पुतण्या विलायतेला चाललाय."

ती खुर्ची.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती ठकूमावशीच्या काळजीनं नव्हे. आनंदानं. मी अंधारात मनातल्या मनात पुढच्या बाकावर बसून पाहिलं. पाय कसे ठेवायचे ते ठरवलं. माझ्या मागे कोण बसेल याचाही विचार केला. कुणीतरी हुशार पोर लागेल, म्हटलं. आपला हात पसरला की कागद ठेवणारं. माझा उजवा हात अंथरुणात आपोआप मागे गेला. बायको जागी झाली आणि म्हणाली, काय चाचपताय?

मी हात ओढून घेतला. 

सकाळी जिल्हा कोर्टाच्या व्हरांड्यात ठकूमावशी खांबाला टेकून बसली होती. धुतलेलं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. ती साक्ष द्यायला आली होती. मी शाईचा ठोकळा उघडला आणि पुरसीस तिला वाचून दाखवली. मराठीत सांगितली. सगळी सांगितली. एक ओळ खाली ठेवली नाही. गाणं शेठजींचं होणार, तुला लुगडं मिळणार, नाव येणार नाही.

तिनं अंगठा पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. म्हणाली, "मला त्या कागदातलं काय कळतंय? वकील तू हायेस. तू मला एक सांग. गानं माजं हाय का न्हाई?"

मी म्हणालो, आहे.

"मंग त्ये त्यांनी द्यायचं आनि त्यांनीच घ्यायचं, ह्यात मी कुटं हाय?"

पट्टेवाल्यानं पुकारा केला. मी अंगठ्यावाचूनचा कागद तसाच घेऊन आत गेलो. ठोकळा उघडाच राहिला होता. बोटं काळी झाली होती.

नानासाहेब उठले. खोकले. अस्खलित बोलले: हा दावा सलोख्यानं मिटत असल्याचं कोर्टाला कळवताना मला आनंद होतो. आणि न बघता उजवा हात मागे पसरला.

मी तो हात पाहिला. गोरा, स्वच्छ, नखं कापलेली. इतक्या तारखा मी त्या हातात कागद ठेवत आलो होतो. तो माझ्याकडे कधी वळला नव्हता, पण माझ्यावाचून तो कधी उघडला नव्हता. आणि मला एकाएकी लख्ख कळलं की मी ज्याचा हेवा करत होतो तो आवाज नव्हता, खुर्ची नव्हती. तो हाच हात होता. मला तो हात व्हायचं होतं. काल रात्री अंथरुणात मी तोच झालो होतो. आणि तो हात होण्याचा रस्ता ठकूमावशीच्या अंगठ्यावरून जात होता.

बोटं हलली. एकदा.

मी कागद दिला नाही.

बोटं पुन्हा हलली. हे पूर्वी कधी झालं नव्हतं. मग त्यांनी मान वळवली. त्या कोर्टात त्यांनी माझं तोंड पहिल्यांदा पाहिलं असावं.

मी उभा राहिलो. म्हणालो, वादीला तडजोड मान्य नाही, वादी साक्षीला हजर आहे.

"खाली बस," ते म्हणाले. हळू. दात न उघडता.

मी बसलो नाही.  

जज्जसाहेबांनी विचारलं, वादीचे वकील कोण? नानासाहेब म्हणाले की आपण या कामातून निवृत्त होत आहोत. झगा सावरून ते पुढच्या बाकावरून बाजूला झाले आणि मागे प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसले. गेले नाहीत. बसले. पुतण्याही बदकं घेऊन त्यांच्या शेजारी.

पुढचा बाक रिकामा. मी पुढे गेलो, आणि काय केलं असेल? खोकलो. दोन छोटे, एक लांब. अख्खं कोर्ट हसलं. मग मी जज्जसाहेबांना हायकोर्टात म्हणतात तसं 'माय लॉर्ड' म्हटलं. पुन्हा हसले. जज्जसाहेब कोरडेपणानं म्हणाले, "मला इतक्यात बढती देऊ नका. चालू करा."

चालू केलं. ठकूमावशी साक्षीला आली. तिनं सरळ सांगितलं, गाणं कधी रचलं, कुठल्या जत्रेत पहिल्यांदा म्हटलं. मग मंडळीचा कवी आला. भला दिसणारा, घाबरलेला माणूस. मी त्याला एकेक विचारत गेलो. मावळात कधी आलात? आलो होतो, जत्रेला. तिथे गाणी ऐकलीत? ऐकली. हे ऐकलंत? त्यानं आपल्या वकिलाकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, ऐकलं. मोळीचं होतं? हो. घागर तुम्ही केलीत? हो, मी केली.

 दावा माझ्या मुठीत होता. कुठलाही शहाणा वकील इथे म्हणतो, मला आणखी काही विचारायचं नाही, आणि बसतो. हे मला माहीत होतं. माझ्याच टिपणांत ते लिहिलेलं होतं.

पण मी मागे वळून पाहिलं. नानासाहेब बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, हा हेवा आहे. त्यांचा, माझ्याबद्दलचा. काय सांगू त्या क्षणाची चव! मला आणखी हवी झाली. एकच घास. मी कवीकडे वळलो आणि आवाज चढवून विचारलं: मग ते गाणं कुणाचं आहे असं तुम्हाला वाटलं?

तो माणूस प्रामाणिकपणे म्हणाला, "कुणाचंच नाही. जत्रेत सगळेच म्हणत होते."

जज्जसाहेबांचा टाक चालू लागला.

निकाल त्याच वाक्यावर झाला. ठकूबाईच्या साक्षीवर कोर्टाचा अविश्वास नाही, पण गाणं सर्वांच्या तोंडी होतं, सबब ते लोकांचं आहे, सबब कोणा एकाचं नाही. लोकांचं. म्हणजे नाटक मंडळीचं, तबकडीच्या कंपनीचं, चहाच्या दुकानाचं. ठकूमावशी सोडून सगळ्यांचं.

तिला गाडीनं परत नेताना मी सगळं सांगितलं. शेवटचा प्रश्न माझा होता हेही. तिनं विचारलं, "का इचारलास?"

मी म्हणालो, नानासाहेब बघत होते म्हणून.

 कान्हे गेलं, कामशेत गेलं. मग ती म्हणाली, "त्येच्याकडं बघायचं व्हतं तं माज्याकडनं कशाला उबा राहिलास? आता पुढल्या टायमाला माज्याकडं बघ. मी बी हितंच बसलेली असती."

पुढच्या हिवाळ्यात वर्तमानपत्रात आलं. शेठजींच्या कंपनीचा दुसरा एक दावा होता, कुणीतरी त्यांच्या कवीचं गाणं उचललं होतं. नानासाहेबांनी मांडलं की गाणं लिहून घेणारा कर्ता नव्हे, ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं तो कर्ता, आणि कारकुनानं मृत्युपत्र लिहिलं म्हणून इस्टेट कारकुनाची होत नाही. कोर्टानं ते मान्य केलं. गाणं सगळ्यांच्या तोंडी झालं म्हणून रचणाऱ्याचा हक्क जात नाही, हेही मान्य केलं. वार्ताहरानं लिहिलं होतं, अपूर्व युक्तिवाद.

मी ते लोणावळा स्टेशनच्या फलाटावर उभ्यानं वाचलं.  हेवा गेलेला नाही. लोक म्हणतात तो माणसाला खातो. माझ्याकडे खायला फारसं काही नाही, तो बसून राहतो. मी त्याला हाकलत नाही. फक्त आता तो त्यांच्या खुर्चीकडे बोट दाखवत नाही. शेठजींच्या कवीला जे मिळालं, तिकडे दाखवतो. तेच गाणं रचणं, तोच कायदा, तेच माझे शब्द. एकाला हक्क, एकीला देऊ केलं ते लुगडं. ते तिला का नाही?

ते कात्रणही मी ठेवलं आहे. अपिलाच्या कागदांना जोडायला. नानासाहेबांनी जिंकलेला निकाल मी नानासाहेबांचं नाव घेऊन मुंबईच्या कोर्टापुढे वाचणार आहे, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, ठकूमावशीच्या बाजूनं. पुण्यातल्या दोन वकिलांनी निरोप धाडले की अपील मोठ्या माणसाकडे दे, तू मागे बस. मी निरोप परत धाडला. मी बसणार नाही.

मुंबईला इंग्रजी पुन्हा अडखळेल. कोटाचा रंग पुन्हा सुटेल. हसतील. हसू देत. तिथे कोण मला बघतंय हे मी बघणार नाही. हरलो तर त्याच्या वरच्या कोर्टात जाईन, तिथे हरलो तर तिच्या दुसऱ्या गाण्याचा दावा लावीन. ती अजून रचते आहे. तबकडीवर तिचं नाव छापलं जाईपर्यंत हे काम मी कुणाच्या हाती देणार नाही. कोर्टं बदलतील, जज्ज बदलतील. वादी तीच. वकील मीच.